भुईमुगाचं क्रॉसिंग: माझा अनुभव

पीएचडीला प्लँट ब्रीडिंग, म्हणजे पिकांची पैदास, घेतलं आणि सरांनी विषय दिला भुईमूग. आमच्या सोलापूरकडे शेंगाचटणी रोजच्या ताटात, उखळात कुटताना तेल सुटणारा दाणा कुठला आणि कोरडा कुठला हे आई नुसतं बोटांनी चिमटून सांगते, त्यामुळे वाटलं की हे पीक तर आपल्याला पाठ आहे. पहिल्याच खरिपात कळलं की खाणं माहीत होतं, पीक माहीत नव्हतं.

पहिल्या खरिपात ३० वाण आणि लाइन्स (अजून वाण न झालेल्या पैदाशी) लावल्या, तीन रेप्लिकेशन, म्हणजे तीच मांडणी तीनदा, प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं मोजायची. फुलोऱ्याचे दिवस, झाडाला पक्व शेंगा किती, पोचट किती, १०० दाण्यांचं वजन, सोलल्यावर दाण्याचा उतारा. मोजून मोजून डोळे दुखायचे पण त्यातूनच डी-स्क्वेअर ॲनालिसिस झालं, ते महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं अंतराचं गणित, ज्यात सगळे गुण एकत्र धरून कोण कुणापासून किती लांब आहे ते निघतं. आणि गंमत बघा, एकाच जिल्ह्यातून आलेल्या दोन लाइन वेगवेगळ्या क्लस्टरमध्ये, म्हणजे गटांत, गेल्या आणि पार वेगळ्या राज्यांतल्या तीन-चार एकाच क्लस्टरमध्ये येऊन बसल्या. म्हणजे गाव लांब म्हणून रक्त लांब असं नसतंच.

भुईमुगात हे अंतर शोधणं एवढं महत्त्वाचं का, तर या पिकाचा मूळ पायाच अरुंद आहे. दक्षिण अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी दोन जंगली जातींचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट होऊन ४० झाली आणि बहुतेक जंगली नातेवाईक राहिले २० वर, त्यामुळे त्यांच्याशी पुन्हा सहज संकर होईना. त्यात फूल स्वतःच्याच परागावर फळणारं, बाहेरचं काही आत जवळपास येतच नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे, तिच्या जीन बँकेत १५ हजारांवर नमुने आहेत, त्यातून निवडलेला १८४ नमुन्यांचा मिनी कोर, म्हणजे सगळ्यांचं प्रतिनिधित्व करणारा छोटा संच, आहे, तरी प्रत्यक्ष संकरात फिरून फिरून तेच ठराविक आईबाप वापरले जातात, आणि मला मनापासून वाटतं की एकरी उतारा अडकतो तो इथेच. जंगली जातीतून थोडं जरी आलं तरी काय होतं ते जीपीबीडी-४ या वाणात दिसतं, तांबेरा आणि टिक्का या पानांच्या रोगांना त्याचा जो प्रतिकार आहे त्याचं मूळ कार्डेनासी या जंगली जातीत आहे.

संकरासाठी मी आई घेतली टीएजी-२४, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची, उपटी म्हणजे न पसरता उभी वाढणारी, लवकर येणारी, फिकट गुलाबी दाण्याची. बाप घेतला लाल दाण्याची एक निमपसरी लाइन, लांबच्या क्लस्टरमधली. नुसती लांबची म्हणून नाही हं, स्वतः बऱ्यापैकी पिकणारी आणि मुख्य म्हणजे ताज्या दाण्याला सुप्तावस्था असणारी, म्हणजे काही दिवस मोडच न येणारी. आपल्याकडे सप्टेंबरातच पाऊस जोर धरतो, तेव्हा काढणीला आलेल्या उपट्या वाणाला जमिनीत, शेंगेतच मोड येतात आणि आलेलं पीक हातचं जातं, मी स्वतःच्या प्लॉटमध्ये पाहिलंय ते.

उन्हाळ्यात क्रॉसिंग, म्हणजे हाताने संकर, करायला गेले आणि पूर्ण फसले. बियाणं हातात यायला उशीर झाला, पेरणी फेब्रुवारीच्या शेवटी, फुलं एप्रिलमध्ये, आणि सोलापूरचा एप्रिल म्हणजे ४० च्या वरच. ३५ च्या पुढे पराग कमजोर होतो, फुलं नुसती गळतात. महिनाभर रोज पहाटे शेतावर जाऊन हाताला एक आरी लागली नाही, आरी म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरून टोकाला शेंग धरणारी सुई. रडले होते मी. सर एवढंच म्हणाले, "अगं, खरिपात कर, झाड तेच आहे, वेळ चुकली."

खरिपात केलं. संध्याकाळी चार-साडेचारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, पिवळं टोक जेमतेम डोकावलेली. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी, उजव्या हातात चिमटा, मोठी पाकळी मागे करायची, बाजूच्या दोन सारायच्या आणि आतली नावेसारखी पाकळी हळूच खाली ओढायची. दहा पुंकेसर असतात, साधारण आठांवर परागकोष, ते सगळे काढायचे आणि मधला केसासारखा कुक्षीवृंत (कुक्षीचा दांडा) मोडला की कळी गेली. पहिल्या आठवड्यात मी मोडल्याच जास्त. सकाळी नऊच्या आत बापाचं ताजं फूल घेऊन ती नाव चिमटायची, पिवळा चिकट पराग टोकाला येतो, तो कुक्षीवर टेकवायचा. त्या पेरावरची बाकीची फुलं खुडून टाकायची, नाहीतर कुठली आरी कुणाची ते कळत नाही. खुणेला मी आधी पांढरा दोरा बांधला, दोन पावसात तो मातीच्या रंगाचा झाला, मग लाल लोकर आणली. खुरपणीला येणाऱ्या मावशींना दाखवून ठेवलं, त्या लोकरीच्या झाडाजवळ खुरपं न लावता हातानेच गवत उपटायच्या, त्यांचे उपकार विसरणार नाही. आठवडाभरात आऱ्या खाली वळल्या तेव्हा सरांना फोटो पाठवला.

काढणीला झाड उपटलं नाही, लोकरीपासून आरी धरत धरत बोटांनी माती उकरली. शेंग फोडली तर दाणे गुलाबीच, अगदी आईसारखे! मला वाटलं सगळे सेल्फ झाले, म्हणजे आईच्याच परागावर धरले. सर म्हणाले, "दाण्यावरची साल आईच्या शरीराची असते, बाप आत आहे, लाव आणि बघ."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लावले. काही रोपं सरळ आईसारखीच वाढली, ती सेल्फ, ती बाजूला टाकली. बाकीच्यांच्या फांद्या पसरायला लागल्या. मे अखेरीस त्यातलं पहिलं झाड काढलं आणि बांधावर बसूनच शेंग फोडली, दाणे लाल होते. आई शेजारी होती, तिने एक दाणा घेऊन सवयीने चिमटला आणि म्हणाली, तेल आहे गं याला. तो दाणा मी तिच्या हातातून परत घेतला आणि पाकिटात टाकला, प्रत्येक झाडाचं पाकीट वेगळं, वर झाड नंबर आणि एफ-टू, म्हणजे संकराची दुसरी पिढी. आता पाऊस पडला की तेच पेरायचेत.