विहिरीची पातळी आणि बोअरची पातळी

आमच्या पुरंदर तालुक्यातील शेतात वडिलांच्या काळात खोदलेली एक विहीर आहे आणि तिच्यापासून 40 फुटांवर 2016 साली घेतलेले एक बोअर आहे. विहीर 38 फूट खोल आहे. वडील मात्र फुटांत न सांगता ‘सात परस’ असे सांगत. बोअर 190 फूट आहे. गेली काही वर्षे मी या दोन्हींची पाणीपातळी महिन्यातून दोनदा मोजून वहीत लिहितो. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. पोलादी टेपच्या टोकाला लहानसे वजन बांधायचे, शेवटच्या दोन फुटांना खडू घासायचा, टेप पाण्यात सोडून वर ओढायची आणि जितका खडू भिजला असेल तितकी लांबी एकूण मापातून वजा करायची. मापनाचा बिंदू मात्र दर वेळी तोच हवा. माझ्या विहिरीच्या कठड्यावर आणि केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात भिंत धरून ठेवायला बसवलेल्या पाइपच्या, कडेवर लाल रंगाची खूण आहे, आणि जमिनीपासून त्या खुणांची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे.

बोअर घेतले तो नोव्हेंबर महिना होता आणि विहिरीत पाणी जमिनीपासून 22 फुटांवर होते. बोअरच्या गाडीने प्रथम मुरूम काढला, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे अर्धवट झिजलेला मऊ खडक, लागला, मग कठीण काळा पाषाण लागला आणि कोरडी राखाडी भुकटी उडत राहिली. 118 फुटांना भुकटीचा रंग एकाएकी विटकरी झाला. सहा फूट तो चिकट तांबडा गाळ निघाला, पुन्हा काळा खडक सुरू झाला आणि 165 फुटांना पाणी उसळून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप सोडली, तर बोअरमध्ये पाणी 31 फुटांवर होते. पाणी लागले 165 फुटांना आणि उभे राहिले 31 फुटांवर, याचा घरातील सर्वांना फार आनंद झाला. ‘पाणी वर चढले’ असे म्हणत पेढे वाटले गेले. त्या 31 फुटांचा अर्थ मला बराच उशिरा कळला, आणि आम्ही सर्वांनीच तो चुकीचा लावला होता हेही त्याच वेळी कळले.

खडकाच्या ज्या थरात पाणी साठते आणि ज्यातून ते विहिरीला मिळण्याइतके वाहते, त्या थराला जलधर म्हणतात. आमची विहीर ज्या जलधरात आहे तो अबंदिस्त आहे, म्हणजे त्याच्या डोक्यावर पाणी अडवणारा थर नाही. पावसाचे पाणी माती आणि मुरूम यांतून झिरपत सरळ त्याच्यापर्यंत पोहोचते. या जलधरात पाण्याला स्वतःचा मोकळा पृष्ठभाग असतो आणि त्यावर हवेचा दाब पडत असतो. विहिरीत दिसणारी पातळी ही त्याच पृष्ठभागाची पातळी असते. विहिरीत 22 फुटांवर पाणी आहे, याचा अर्थ आसपासच्या मुरुमातही साधारण 22 फुटांखाली सगळ्या भेगा आणि छिद्रे पाण्याने भरलेली आहेत. येथे पातळी म्हणजे साठ्याची कड.

बोअरला 165 फुटांना लागलेले पाणी निराळ्या घरातले आहे. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसाल्टने, म्हणजे याच काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे आणि हा बेसाल्ट लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनलेला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो आणि खालचा भाग घट्ट असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जो पृष्ठभाग उघडा राहिला त्याची झीज होऊन पुष्कळ ठिकाणी तांबडी चिकणमाती तयार झाली आणि पुढच्या लाव्हाखाली ती गाडली गेली. सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत दिसणारा विटकरी पट्टा तो हाच. या पट्ट्यातून आणि त्यावरील अभंग पाषाणातून पाणी फारच सावकाश जाते. त्यामुळे त्याखालील सच्छिद्र थरातले पाणी दाबाखाली अडकलेले असते आणि तो जलधर बंदिस्त होतो. हा शब्द मात्र थोडा फसवा आहे, कारण आमच्या खडकात पूर्णपणे मोहोरबंद असे काही नसते. कुठेतरी उंचावर तो थर उघडा पडलेला असतो, कुठे उभ्या भेगा असतात, आणि पाण्याची ये-जा मंद गतीने चालू राहते.

अशा थराला भोक पाडले की पाणी बोअरमध्ये दाबाच्या प्रमाणात वर चढते. गवंडी बांधकामावर पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल-ट्यूब वापरतो. तिचे एक टोक कुठेही धरले, तरी त्यातले पाणी दुसऱ्या टोकाच्या पातळीला येऊन थांबते. बंदिस्त जलधरातील बोअर हे त्या नळीचे एक टोक समजावे. दुसरे टोक दूर, थर उघडा पडतो त्या उंच भागात असते. वाटेत खडकातून वाहताना दाब खर्च होतो, म्हणून पाणी त्या उंचीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. जेथे ते जमिनीच्याही वर येण्याइतका दाब उरतो, तेथे बोअर आपोआप वाहू लागते. पॅरिसमध्ये ग्रेनेल येथे 1841 साली 548 मीटर खोलीवर असेच पाणी लागले आणि ते पंपाशिवाय उसळून वर आले. आमच्याकडे तेवढे भाग्य नाही. परंतु बोअरमधली पातळी हा साठ्याचा काठ नसून दाबाचे माप आहे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. 31 फुटांवर पाणी दिसले म्हणून 31 ते 165 फुटांमधला खडक पाण्याने भरलेला आहे, असे नाही. त्यातला बराचसा भाग कोरडा पाषाण आहे, हे तर गाडीवर उभे राहून आम्ही स्वतःच पाहिले होते.

हा फरक वहीतल्या आकड्यांना लागू केला की खरी गंमत कळते. एक हेक्टर क्षेत्राखाली पातळी एक मीटरने उतरली असे धरू. झिजलेल्या बेसाल्टमध्ये निचऱ्याने मिळणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारण 2 टक्के असते. म्हणजे अबंदिस्त जलधरात एक मीटरच्या उताराने 10,000 चौरस मीटर गुणिले 0.02, म्हणजे 200 घनमीटर, अर्थात 2 लाख लिटर पाणी निघाले. 10,000 लिटरचे 20 टँकर झाले. बंदिस्त जलधरात मात्र पातळी उतरल्याने छिद्रे रिकामी होत नाहीत. दाब कमी झाल्यामुळे पाणी किंचित प्रसरण पावते, खडक किंचित आवळला जातो आणि तेवढेच पाणी बाहेर पडते. हा गुणांक 0.0002 इतका धरला, तर त्याच एक हेक्टरमधून त्याच एक मीटरच्या उताराने फक्त 2,000 लिटर पाणी मिळते, म्हणजे गच्चीवरची एक काळी टाकी. विहीर एक मीटरने उतरली, तर बरेच काही खर्च झाले, असे समजावे. बोअर एक मीटरने उतरले, तर त्या ठिकाणी खर्च अगदी थोडा झाला आणि उरलेले पाणी लांबून खेचले गेले. म्हणूनच बोअरची पातळी पंप सुरू होताच धाडकन खाली जाते आणि बंद होताच झपाट्याने वर येते. तिच्या वर येण्यावरून ‘पाणी भरपूर आहे’ असा निष्कर्ष काढणारे शेजारी मी पाहिले आहेत, आणि पहिल्या वर्षी मीही त्यांच्यातच होतो.

दाबाचीच गोष्ट असल्यामुळे बंदिस्त जलधर इतरही चमत्कारिक गोष्टी नोंदवतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका विहिरीत रेल्वेगाडी जवळून गेली की पाणी क्षणभर वर चढते आणि गाडी गेल्यावर खाली जाते, याची नोंद जेकब या भूजलशास्त्रज्ञाने 1939 साली प्रसिद्ध केली. डब्यांचे वजन खडकावर पडून दाब वाढे, एवढेच त्याचे कारण होते. हवेचा दाबही असाच परिणाम करतो. विहिरीत हवा जितकी पाण्यावर दाबते, तितकीच ती मुरुमातून झिरपून आसपासच्या पाण्यावरही दाबते, त्यामुळे पातळी हलत नाही. बोअरमध्ये तो दाब नळीतल्या पाण्यावर पूर्ण पडतो, पण बाहेर त्याचा काही भार खडक स्वतःच पेलतो. म्हणून हवेचा दाब वाढला की बोअरची पातळी थोडी दबते. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. पंप दोन दिवस बंद असताना सकाळी आणि दुपारी घेतलेल्या मापांत मला दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सापडला, तेव्हा आधी मी टेपलाच दोष दिला होता. त्यानंतर मी माप नेहमी सकाळी सातला घेऊ लागलो.

आता त्या 31 फुटांकडे येतो. बोअर घेतल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात विहीर नेहमीपेक्षा लवकर उतरली. मार्चच्या मध्यावर ती साधारण 31 फुटांवर असते, त्या वर्षी 35 फुटांवर गेली, तळात थारोळे राहिले आणि गाळ दिसू लागला. पाऊस काही फार कमी झालेला नव्हता. एका रात्री पंप चालू असताना मी बोअरच्या तोंडाशी कान लावला, तर आतून पाणी पडण्याचा स्पष्ट आवाज येत होता. पन्हळीतून हौदात पाणी पडावे, तसा तो आवाज होता. बोअरवाल्याने केसिंग फक्त 20 फूट टाकले होते, कारण ‘खाली खडक पक्का आहे, पाइपचे पैसे कशाला घालवता’ असा त्याचा सल्ला होता आणि आम्हाला तो पटला होता. 20 फुटांखालचा मुरूम आणि मांजऱ्या बोअरच्या भिंतीत उघडाच होता. विहिरीच्या जलधरातले पाणी त्या भिंतीतून आत येऊन 165 फुटांच्या जलधरात उतरत होते. पंप बंद असतानाही ते उतरतच असणार. फक्त तेव्हा आवाज कमी येई.

याचा दुसरा अर्थ असा की, पेढे वाटले त्या सकाळचे 31 फूट हे कोणत्याच जलधराचे खरे माप नव्हते. वरच्या जलधराची पातळी 22 फूट, खालच्याची काहीतरी वेगळी, आणि एकाच नळीत दोघांची गाठ पडल्यामुळे मधला एक आकडा तयार झाला होता. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही साडेसहा इंची बोअरमध्ये पाच इंची पाइप 70 फुटांपर्यंत उतरवला, त्याच्या खालच्या टोकाशी रबराची पकड बसवली आणि पाइप व खडक यांमधल्या फटीत सिमेंटचे पातळ मिश्रण सोडले. काम किचकट होते आणि जागा अरुंद असल्यामुळे एक पाइप फुकट गेला. पंप आठवडाभर बंद ठेवून मग माप घेतले. विहीर 22 फुटांवर होती आणि बोअर 46 फुटांवर. खालच्या जलधराचा खरा दाब तो होता. घरी हे सांगितले, तेव्हा पाणी 15 फूट खाली गेले असे समजून सगळ्यांचे चेहरे उतरले. पुढच्या मार्चमध्ये विहीर 31 फुटांवर राहिली. पाऊस थोडा वेगळा होता, त्यामुळे एका वर्षावरून फार बोलू नये; पण बोअरमधला आवाज थांबला होता, आणि त्यावर माझा भरवसा अधिक आहे.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. ऑक्टोबरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून कोणत्या तालुक्यात टंचाई येऊ शकते याचा अंदाज बांधला जातो. वर्तमानपत्रांत ‘तालुक्यातील भूजल पातळी एक मीटरने वाढली’ असे जे छापून येते ते बहुधा यावरूनच. या निरीक्षण विहिरी प्रामुख्याने खोदलेल्या, म्हणजे वरच्या अबंदिस्त जलधरातल्या आहेत. तो आकडा माझ्या विहिरीला बऱ्यापैकी लागू पडतो. बोअरला तो लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या पासबुकावरून आपली शिल्लक ठरवणे होय. चांगला पाऊस पडला की विहीर पंधरवड्यात वर येते, हे वहीत दर वर्षी दिसते. बोअरची पातळी मात्र त्यानंतर कित्येक आठवडे जागची हलत नाही.

गेल्या जानेवारीत आमच्यापासून सहाशे फुटांवर तात्यांनी नवीन बोअर घेतले. त्यांचा पंप सुरू झाला की अर्ध्या तासात आमच्या बोअरची पातळी तीन फूट खाली जाते आणि विहिरीला त्याचा पत्ताही लागत नाही. बंदिस्त जलधरात दाबातला बदल झपाट्याने लांबवर पसरतो, त्यामुळे हे घडणे साहजिक आहे. तात्या वही पाहायला आले, तेव्हा दोन्ही रकाने त्यांनी बोट फिरवत वाचले आणि विचारले, ‘माझ्या पंपामुळं तुझं बोअर उतरतं, पण विहीर नाही, असं कसं?’ मी त्यांना गवंड्याची नळी समजावून सांगितली. ती त्यांना लगेच पटली. मग मी विचारले, ‘तात्या, तुमचं केसिंग किती फूट आहे?’

‘वीस,’ ते म्हणाले. ‘खाली खडक पक्का होता.’