गिअरात उतरायचं

आप्पांनी तीस वर्षं माणसं पंढरपूरला नेली, स्वतः कधी चालत गेले नाहीत. एसटीत ड्रायव्हर होते. आषाढी आली की जादा गाड्या सुटायच्या आणि त्या ड्युटीला आप्पा आपणहून नाव द्यायचे. "आपणच रजा टाकल्यावर माणसं काय डोक्यावर बसवून न्यायची?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. उत्तर द्यायला समोर कुणी नसायचं. आई तोवर म्हशीकडे गेलेली असायची.

द्वादशीनंतर कधीतरी रात्री घरी यायचे. डोळे तांबारलेले, खिशात कागदाची पुडी. पुडीत थोडे चुरमुरे, बुक्का, तुळशीची चुरगळलेली पानं. शेवटची खेप टाकून गाडी झाडली की सीटखालून जे निघायचं, त्यातलं चिमूटभर. आई ती पुडी देव्हाऱ्यात ठेवायची. मला मात्र शाळेत असताना त्याची लाज वाटायची. शेजारच्या काकूंकडे पिशवीभर बत्तासे आणि आमच्याकडे दुसऱ्यांनी सांडलेला प्रसाद.

२०१९ संपता संपता आप्पा निवृत्त झाले. विनाअपघात सेवेचा सत्कार झालेला होता, त्याची शाल आईनं ट्रंकेत ठेवली. पुढच्या आषाढीला चालायचं म्हणून नवा पांढरा सदरा शिवून घेतला, आणि २०२० ला पायी वारीच निघाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली गाडी टीव्हीवर दिसली तसे आप्पा म्हणाले, "बघ, शेवटी माउलींनीबी एसटीच धरली." मग दिवसभर काही बोलले नाहीत. गाडी कोण चालवतोय हे दिसतंय का, म्हणून तेवढं पुन्हा पुन्हा वाकून बघत होते.

२०२१ लाही तेच. २०२२ ला वारी पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा आप्पा एकसष्ट वर्षांचे होते. आईनं फर्मान काढलं, "एकट्यानं जायचं न्हाय. शुगर हाय. हिला न्या." हिला, कारण घरात रिकामी मीच होते.

सहा वर्षं मी पुण्यात, सदाशिव पेठेत राज्यसेवेचा अभ्यास केला. मुख्य परीक्षा दोनदा दिली, मुलाखतीपर्यंत एकदा पोचले. त्यानंतर लागलेल्या यादीत खालून वर आणि वरून खाली नाव शोधून झालं, आणि त्या चैत्रात मी पुस्तकांची चार खोकी घेऊन कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. कॉटवरच्या भिंतीवर 'उपजिल्हाधिकारी' असं लिहून चिकटवलेला कागद मी काढला होता, पण फाडला नव्हता. तो एका खोक्यात होता. दादा चाकणला कंपनीत. तो फोनवर म्हणायचा, एखादा कोर्स कर. वहिनी काही म्हणायची नाही, आणि ते जास्त लागायचं.

आम्ही रथामागच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, भरली आणि आळंदीला गेलो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिंडीत बहुतेक सातारा जिल्ह्यातलीच माणसं. विणेकरी बाबा सत्तरीचे, पखवाज वाजवणारा पोरगा बारावी नापास आणि बेफाम वाजवणारा.

पुण्यातले दोन मुक्काम संपवून पालखी सासवडला निघते तो दिवस एकादशीचा. तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाट आणि पोटात साबुदाण्याची खिचडी. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आप्पा तिथे खिळले. जू कसं चढवतात, पुढच्या जोडीला दोर किती सोडतात, चाकाला उटी कोण लावतो, सगळं मान वाकडी करकरून बघत होते. मग चालायला लागलो आणि आप्पा बोलायला लागले. हे वळण सेकंडला घ्यायचं. इथं समोरून ट्रक आला की आपण थांबायचं, चढणाऱ्याला थांबवायचं नाही. इथं एकदा रात्री पाऊस असताना वायपर बंद पडला, तर कंडक्टर खाली उतरून बॅटरी दाखवत पुढं पुढं चालला. "तवा हा घाट चालत कसा वाटत असंल, असं मनात आलं हुतं," आप्पा म्हणाले. घरी हा माणूस जेवताना 'भाकरी' आणि 'पाणी' एवढे दोनच शब्द वापरतो. वरच्या वळणावरून खाली बघितलं तर सगळा घाट पांढरा, त्यात भगव्या पताका हलतायत. मी फोटो काढायला फोन काढला. आप्पा म्हणाले, "पुढं बघ. वळणावर मागं बघायचं नसतं."

चालण्याचं सगळे लिहितात, बायकांच्या पहाटेचं कुणी लिहीत नाही. काकडा चारला सुरू होतो, पण बायकांचा दिवस त्याच्या कितीतरी आधी, अंधार आहे तोवर उरकून घ्यायचा असतो. टँकरच्या गार पाण्यानं आंघोळ, ओलं लुगडं ट्रकच्या दोरीवर, केस बांधायला वेळ नाही. जेजुरीला तळपायाला फोड आले. मी बँडेज शोधत होते, तर शेजारी झोपणाऱ्या आजींनी पाय मांडीवर ओढला. सुईत पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या अंगानं घालून त्या अंगानं काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडे बोटभर कापला. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं, कातडं निघत नाही, सकाळी चालता येतं. डॉक्टर लोकांना हे पटणार नाही, आणि कुणी करावं असं मी सांगतही नाही. मला मात्र चालता आलं. पाय मांडीवर असतानाच आजींनी विचारलं, "मागणं काय तुजं?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." त्या म्हणाल्या, "मंग बिनमागणीची वारी हाय व्हय. हलकं चालशील."

हलकं वगैरे काही नव्हतं. डोक्यात अभ्यास चालूच होता. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो, हे मला शेकडो प्रश्नपत्रिकांनी शिकवलेलं. नीरेची उपनदी कोणती, नीरा भीमेला कुठं मिळते, नदीवर धरणं कोणती. दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालत होते, बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि मी मनात चार पर्याय मांडून बसले होते. आप्पांनी पुलापलीकडे पाय टाकला आणि नुसतं म्हणाले, "आलो आपल्या हद्दीत." त्यांची हद्द डेपोनुसार ठरते. कुठल्या स्टँडवरचा चहा उकळलेला, कुठल्या कॅन्टीनची मिसळ बरी, कुठल्या रेस्टरूममधला पंखा चालतो, हा त्यांचा भूगोल. त्यांची जगातली आवडती जागा मला लोणंदच्या मुक्कामी कळली: फलटण स्टँडच्या कोपऱ्यातलं एक लाकडी बाकडं, पहाटे पाचला, गाडी लावून झाल्यावर आणि पॅसेंजर यायच्या आधी. पुढं फलटणला ते मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. बाकडं नव्हतं. तिथं स्टीलच्या खुर्च्या आल्या होत्या. आप्पा त्यातल्या एकीवर बसून उठले आणि म्हणाले, "थंड हाय."

त्यांनी माझी विचारली. मला पटकन अभ्यासिकेतली खिडकीजवळची खुर्ची आठवली आणि सांगायला संकोच वाटला. जिथं सहा वर्षं वाया गेली असं सगळे म्हणतात, ती जागा आवडती कशी सांगायची?

समाजआरतीबद्दल सांगायलाच हवं. मुक्कामाला पालखी पोचली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची वेळ सांगतात, आरती होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळे गप्प, आणि ती एकटीच वाजवत राहते. मग चोपदार त्यांच्याकडे जाऊन ऐकून घेतात. एका मुक्कामी आमच्या दिंडीच्या तंबूच्या जागेवर दुसरेच तंबू पडले होते. त्या संध्याकाळी आमचा टाळ थांबला नाही. हजारो माणसांच्या शांततेत आमचेच पन्नास टाळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आप्पा मात्र हातातले टाळ जिवाच्या करारानं वाजवत होते. तक्रार ऐकली गेली, जागा मिळाली. रात्री झोपताना म्हणाले, "युनियनमधी एवढी वर्षं काढली, पर एवढ्या बिगी निकाल कधी लागला न्हाय." याच आरतीत दुसऱ्या दिवशी आप्पांची शुगरच्या गोळ्यांची डबी सापडल्याचंही पुकारलं गेलं. हरवली हे आम्हाला तेव्हाच कळलं.

बरडच्या पुढे धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. तिथं प्रशासन पालखीचं स्वागत करतं. मंडप, फुलं, अधिकाऱ्यांची रांग. मी पाणी भरायला टँकरकडे गेले, तर तिथं माझ्याच वयाची एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, कुणाला तरी सांगतेय की तिसरा टँकर अजून का आला नाही. तहसील कार्यालयातली असावी. घसा बसलेला, पावलं धुळीनं भरलेली. फोन ठेवून चालायला गेली आणि तिच्या चपलेचा पट्टा निघाला. तिनं इकडंतिकडं बघितलं, मी दिसले. "माउली, पिन आहे का?"

आमच्या दिंडीत प्रत्येक बाईच्या बांगडीला दोन-तीन पिना असतात. मी एक काढून दिली, मग तिच्या हाताला कंप सुटलेला बघून मीच खाली बसून पट्टा लावला. विचारावंसं वाटलं, कुठली बॅच, कितवा प्रयत्न, अभ्यास कुठं केला. विचारलं नाही. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, वारीत लावतात तसा, मीही लावला, आणि ती टँकरमागं पळाली.

मला हेवा वाटला. वाटला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वारीत माणसाचं मन निवळतं वगैरे म्हणतात, माझं त्या दिवशी नातेपुत्यापर्यंत गढूळच होतं. आप्पांनी ओळखलं असावं. माझ्या बाजूनं चालत राहिले, बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला मेकॅनिक व्हायचं हुतं. आयटीआयला नंबर लागला हुता. तुज्या आज्यानं न्हाय सोडलं." तीस वर्षांत हे मी ऐकलं नव्हतं. आईला माहीत आहे का, विचारलं. "तिला कशाला," म्हणाले. म्हणूनच बैलांच्या जोडण्या, रथाची चाकं, जनरेटरचा आवाज, जे जे फिरतं ते ते बघत थांबायचे.

रिंगणाचं वर्णन मी करत नाही. पुष्कळांनी केलंय, आणि खरं सांगायचं तर गर्दीत मला घोड्याची एक शेपटी दिसली. पायाखालची माती कपाळाला लावली तेवढी खरी.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तिथल्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून सगळी वारी तिथं धावते. मी आप्पांचा हात धरला, गुडघ्यांचं काय म्हणून. हात सोडवून घेतला. "न्यूट्रलला सोडून उतरायचं नसतं," म्हणाले, "गिअरात उतरायचं." आणि एकसष्ट वर्षांचा माणूस टोपी एका हातानं दाबून, छोटी छोटी पावलं टाकत, शरीर मागं रेलून, खरोखरच सेकंड गिअरात धावत गेला. मी मागून धावत होते आणि हसून हसून मला श्वास पुरत नव्हता. शेजारची आजी ओरडली, "आगं पळ, बाप पुढं गेला."

पंढरपुरात चंद्रभागेत आंघोळ झाली, नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळस बघितला. दर्शनाची रांग कुठवर गेलीय ते बघून आप्पांनी लांबूनच हात जोडले. मला वाटलं आता खोलीवर जाऊन झोपतील. तर म्हणाले, चल, स्टँडवर जाऊन येऊ.

आषाढीला गावाबाहेर एसटीची तात्पुरती स्थानकं उभी राहतात. चिखल, पत्र्याच्या शेड, लाऊडस्पीकरवर गावांची नावं, आणि जिकडं बघावं तिकडं लाल गाड्या. आप्पा रांगांमधून हिंडत होते. पाट्या वाचत होते. एका गाडीखाली सतरंजी टाकून एक ड्रायव्हर झोपला होता, दुसरा पायरीवर बसून डोळे चोळत होता. आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले.

"जेवलास का?"

तो गोंधळला. चौकशी खिडकी तिकडंय, म्हणाला.

"ते न्हाय. तू जेवलास का?"

त्यानं मान हलवली, नाही. आप्पांनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि दोघं पायरीवर बसले. डेपो कुठला, खेपा किती झाल्या, गिअरबॉक्स कशी आहे. मी समोरच्या दगडावर बसून दोऱ्याचं राहिलेलं टोक पायातून ओढून काढत होते.

सातारची गाडी रात्री मिळाली. आप्पांना मी खिडकी दिली, ती त्यांनी नाकारली आणि ड्रायव्हरच्या मागची सीट धरली. म्हसवड येईपर्यंत जागे होते, ड्रायव्हर कुठं ब्रेक मारतो ते बघत. गोंदवल्याला डोळा लागला. मी बॅगेतून फोन काढून राज्यसेवेच्या पुढच्या फॉर्मची तारीख बघितली आणि फोन परत ठेवला. गाडीत सगळे झोपले होते, पायाखाली चुरमुरे करकरत होते. पुसेगाव मागं पडलं. वर्धनगडचा घाट लागला, गाडी वळणावर आली, आणि गाढ झोपलेल्या आप्पांचा उजवा पाय फळीवर हळूच दाबला गेला.