गमतीसाठी नेमलेली समिती

कोलोनच्या कार्निव्हलविषयी वाचताना मला सर्वाधिक मौज वाटते ती एका समितीची. जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या या कॅथलिक शहरात चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वी यथेच्छ खाण्यापिण्याची रीत मध्ययुगापासून होती. परंतु आजच्या मिरवणुकीचा जन्म १८२३ मधला आहे. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात शिरले, १८१५ पासून प्रशिया या जर्मन राज्याचा अंमल आला, आणि रस्त्यांवरच्या धांगडधिंग्याला वळण लावण्यासाठी शहरातील प्रतिष्ठितांनी रीतसर समिती नेमून १० फेब्रुवारी १८२३ रोजी ‘रोझनमोंटाग’ची, म्हणजे उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापूर्वीच्या सोमवारची, पहिली मिरवणूक काढली.

या शिस्तीच्या पोटात टवाळी मात्र भरपूर होती. त्याच वर्षी ‘रोटे फुंकेन’, म्हणजे ‘लाल ठिणग्या’, हे मंडळ स्थापन झाले. त्याच्या सदस्यांनी जुन्या नगरसैनिकांचा लाल-पांढरा गणवेश चढवला. ते सैनिक पराक्रमाबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हते. हे गणवेशधारी आजही पाठीला पाठ लावून, गुडघे वाकवून आणि पार्श्वभाग एकमेकांवर घासत नाचतात. प्रशियाचे लष्कर उरावर बसलेले असताना कवायतीची अशी विटंबना करण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याचे मला फार कौतुक वाटते.

उत्सवाचे यजमानपद राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका या त्रिकुटाकडे असते. कुमारिकेच्या मस्तकावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट असतो, कारण ती अजिंक्य नगरीचे प्रतीक आहे. मात्र ही भूमिका परंपरेने पुरुषच करतो. पुरुषाने स्त्रीवेश घेणे नाझींना खपेना, म्हणून १९३८ आणि १९३९ मध्ये तिथे स्त्रियांना उभे करण्यात आले. युद्धानंतर जुनी रीत परत आली.

हंगामाचा आरंभ ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी होतो. खरा जोर येतो तो उपवासकाळापूर्वीच्या गुरुवारी, जो स्त्रियांचा दिवस मानला जातो: त्या कात्री घेऊन निघतात आणि समोर येणाऱ्या पुरुषांचे टाय कापतात. सोमवारी रथांवरून ‘कामेले’, म्हणजे गोळ्या-चॉकलेटे, उधळली जातात. २०२२ मध्ये मात्र नेमक्या त्या गुरुवारी, २४ फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तेव्हा सोमवारची नियोजित मिरवणूक रद्द करून समितीने शांतिमोर्चा काढला आणि त्याला सुमारे अडीच लाख लोक आले.

मंगळवारी रात्री शेवट होतो ‘नुबेल’च्या दहनाने. मद्यगृहांच्या दारांवर टांगलेला हा पेंढ्याचा माणूस खाली उतरवून त्याच्यावर आरोपपत्र वाचले जाते: पैसे कोणी उडवले, दारू कोणी ढोसली, बायकोला कोणी फसवले? प्रत्येक प्रश्नाला जमाव एकमुखाने उत्तर देतो, ‘नुबेलने!’ मग त्याला आग लावतात, आणि दुसऱ्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो तेव्हा सगळे शहर मांसाऐवजी साळसूदपणे मासे खायला बसते.