चिखलातली कॅसेट आणि साडेतीन मिलिमीटर

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्यानंतर दीड महिना गुहागरात आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर चिखलाचेच सेट येत होते. ॲम्प्लिफायर, मिक्सर, स्पीकरचे खोके. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला, त्यामुळे भजन मंडळं आणि जाखडीवाले दारात उभे. त्या गर्दीत चिपळूणचे एक निवृत्त गृहस्थ आले, पूर्वी बोटीवर इंजिनीअर होते. त्यांनी जेवणाच्या डब्यातून एक कॅसेट काढून ठेवली. आतल्या कागदाचा लगदा झालेला, पण शेलवर, म्हणजे कॅसेटच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचावर, छापलेली अक्षरं वाचता येत होती: कोरोनर, नो मोअर कलर.

"काका, ही वाळवलीत कशी?"

"पंख्याखाली. आठ दिवस ठेवली."

"ओलीच आणायला हवी होतीत."

पुरात भिजलेल्या फितीबाबत हे सगळ्यात आधी सांगायला हवं. फीत भिजली असेल तर ती स्वच्छ, थंड पाण्यात बुडवून तशीच दुरुस्तीला न्यावी. गाळ ओला असेपर्यंत सुटतो. वाळला की फितीच्या वेढ्यांमध्ये सिमेंटसारखा धरतो, आणि मग एक वेढा दुसऱ्यापासून सोडवताना चुंबकीय थर उपटून येण्याची भीती असते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय तर विसरूनच जावा. तांदूळ ओल ओढत नाही म्हटलं तरी चालेल, उलट त्याची पिठी फितीला चिकटते.

कॅसेट ओळखीची निघाली म्हणून मी ती रांगेत पुढे घेतली. कोरोनर म्हणजे झुरिकचं त्रिकूट, थ्रॅश वाजवणारं. थ्रॅश हा हेवी मेटलचा अतिवेगवान प्रकार. बास आणि गायन रॉन रॉयस, गिटार टॉमी टी. बॅरन, ड्रम मार्क्विस मार्की. आधी सेल्टिक फ्रॉस्ट या मेटल बँडच्या दौऱ्यांत सामान वाहणारी, स्टेज लावणारी ही मंडळी. बर्लिनच्या नॉइझ रेकॉर्ड्सने त्यांचे पाच अल्बम काढले, त्यातला १९८९चा 'नो मोअर कलर' तिसरा. आठ गाणी, सुमारे ३५ मिनिटं. मिक्सिंग फ्लोरिडातल्या टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत, स्कॉट बर्न्सच्या हातचं. तोच स्टुडिओ आणि तोच माणूस पुढच्या दोन-तीन वर्षांत डेथ मेटलमुळे जगभर गाजला, आणि थ्रॅश ऐकणाऱ्यांचे कान तिकडे वळले. हा अल्बम त्या वळणावर मागे राहिला. माझ्या मते त्या वर्षीचं यापेक्षा काटेकोर थ्रॅश शोधायला कष्ट पडतील. एकच गिटारवादक असूनही ओळींवर ओळी रचलेल्या आहेत, सोलोमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची बैठक दिसते, आणि ड्रम कुठेही उगीच पुढे घुसत नाहीत.

आता काटेकोर म्हणजे किती, याचा फितीवरचा हिशेब असा. कॅसेट सेकंदाला ४७.६ मिलिमीटर धावते. मिनिटाला २०० ठोक्यांचा वेग धरला आणि गिटारच्या तारेवर ठोक्याला चार फटके पडत असतील, तर एक फटका ७५ मिलिसेकंदांचा. म्हणजे फितीवर जेमतेम साडेतीन मिलिमीटर. लांब सुरांच्या भावगीतात फितीवर एक सेंटिमीटरची चुणी पडली तर आवाज क्षणभर दबतो आणि ऐकणारा पुढे जातो. इथे एका सेंटिमीटरमध्ये तीन फटके जातात आणि अख्खी ओळ अडखळते. अशा संगीताची फीत दुरुस्त करताना 'साधारण बरं वाजतंय' हे माप चालत नाही.

शेलला स्क्रू नव्हते. त्या काळातल्या छापील कॅसेटी बऱ्याचदा कडेने वितळवून जोडलेल्या असतात. त्या उघडायच्या म्हणजे कागद कापायच्या पात्याचं टोक सांध्यात घालून, हलके ठोके देत चारी बाजूंनी फिरायचं. पातं दोन-तीन मिलिमीटरच्या आत जाता कामा नये, पलीकडे फीतच आहे. शेल अर्थातच पुन्हा वापरता येत नाही, म्हणून पाच स्क्रूचं दुसरं शेल आधीच हाताशी ठेवायचं. एका बाजूचं वाजणं साडेसतरा मिनिटांच्या आसपास, म्हणजे आत फीत सुमारे ५० मीटर. रुंदी ३.८१ मिलिमीटर.

धुणं उघड्या अर्ध्या शेलमध्येच केलं. डिस्टिल्ड वॉटरचा उथळ ट्रे, पहिल्या पाण्यात लिटरला एक थेंब सौम्य लिक्विड साबण. बाजारपेठेच्या पुरात गॅरेजांचं तेल मिसळलेलं असतं आणि नुसत्या पाण्याने त्याचा तवंग जात नाही. पुढची तीन पाणी साबणाशिवाय. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून फितीवर राहतात. षटकोनी पेन्सिल हबमध्ये, म्हणजे फीत गुंडाळायच्या चक्रीत, घालून पाण्याखाली फीत एका हबवरून दुसऱ्यावर सावकाश घेतली. कुठे अडली की ओढायचं नाही, थांबून भिजू द्यायचं. पहिल्या फेरीला पाऊण तास गेला. पाणी राखाडी झालं, तपकिरी नाही, हे बघून हायसं वाटलं. तपकिरी पूड दिसली असती तर चुंबकीय थरच सुटत होता आणि काम तिथेच थांबवावं लागलं असतं.

कोकणातल्या श्रावणात वाळवणं हे धुण्यापेक्षा अवघड. खोलीतली आर्द्रता नव्वदच्या घरात, आणि सत्तरच्या वर बुरशीला रान मोकळं. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. पॉलिएस्टरचा पाया उष्णतेने वाकडा होतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाला एक किलो सिलिका जेल, वर जाळी, जाळीवर सैल गुंडाळलेली फीत आणि शेजारी छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. ओले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवले की पुन्हा कामाला येतात. चार दिवसांनी काटा ४५वर स्थिरावला.

मग कोरडी फीत तंतू न सोडणाऱ्या कापडाच्या घडीतून दोनदा फिरवली आणि दहापट भिंगाखाली तपासली. कडेला बुरशीचे पांढरे धागे होते, ते जलरंगाच्या मऊ ब्रशने काढले, तोंडाला एन-९५ मास्क लावून. मध्याच्या जरा पुढे पूर्ण रुंदीची एक चुणी सापडली, बरोबर सेंटिमीटरभर. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच फितीवर उलटसुलट असतात, त्यामुळे तीच चुणी पहिल्या बाजूला 'रीड माय स्कार्स'मध्ये आणि दुसऱ्या बाजूला 'टनेल ऑफ पेन'मध्ये वाजणार होती. चुणी कापून काढायचा मोह टाळावा. कापलेलं परत येत नाही. गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्टीने पाठीमागून दाबून ती सपाट केली आणि फीत घट्ट गुंडाळून दोन दिवस ठेवली. वेढ्यांचा दाबच इस्त्रीचं काम करतो.

कॅसेटवरून डिजिटल रेकॉर्डिंग करायचा दिवस ३० ऑगस्टचा. सकाळी डेकची तयारी केली. फितीवरचा आवाज वाचणारं हेड आणि फीत पुढे ओढणारा दांडा, म्हणजे कॅप्स्टन, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, फीत त्या दांड्यावर दाबणाऱ्या पिंच रोलरचं रबर मात्र साबणपाण्याने, अल्कोहोलने ते कालांतराने कडक होतं. मग हेडची चुंबकीयता काढली. ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावल्यावर मीटरवर ३१४१ आलं, म्हणजे डेक ०.३ टक्के हळू. मोटारच्या मागच्या भोकातून प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ते जुळवलं. एवढं पक्कं झाल्यावरच काकांची फीत नव्या शेलमध्ये बसवून लावली.

आवाज आला, डावा-उजवा दोन्ही आले, आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं. 'डाय बाय माय हँड' सुरू झालं. त्या मिक्समध्ये किक ड्रमचा टक्कन फटका असतो, त्याच्या जागी धप्प. गिटारचे फटके एकमेकांत मिसळून नुसती घरघर.

आवाज असा दबला की संशयित ठरलेले असतात. पहिला, हेडवरची घाण. १० किलोहर्ट्झच्या सुराची फितीवरची लांबी फक्त ४.७६ मायक्रॉन असते. हेड आणि फीत यांच्यात एक मायक्रॉनचा कण आला तरी त्या सुराचे साडेअकरा डेसिबल जातात, १ किलोहर्ट्झचा मात्र जेमतेम एक. हेड पुन्हा पुसलं. फरक नाही. दुसरा, अझिमथ, म्हणजे हेडची फट फितीला काटकोनात आहे की नाही. एका ट्रॅकची रुंदी ०.६ मिलिमीटर. तेवढ्या रुंदीवर अर्ध्या अंशाहूनही कमी तिरकेपणा आला तर १० किलोहर्ट्झ पूर्ण नाहीसा होतो. डावा-उजवा ऑसिलोस्कोपच्या दोन अक्षांना जोडले. किक आणि गायन मधोमध मिसळलेले असल्याने अझिमथ बरोबर असेल तर पडद्यावरचा ढग ४५ अंशांच्या रेषेभोवती अरुंद होतो. स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवला, ढग आवळला, वरचे सूर थोडे उघडले. तरीही घोंगडी होतीच. तिसरा, डॉल्बी, म्हणजे फितीची सळसळ कमी करणारी यंत्रणा. शेलवर डॉल्बीची खूण होती, म्हणून डेकवर डॉल्बी-बी चालू होतं. ते बंद केल्यावर सळसळ वाढली, पण मोठ्या आवाजाच्या भागात फटके तसेच बोथट. डॉल्बी-बी मोठ्या आवाजात जवळजवळ काहीच करत नाही, त्यामुळे त्या भागातला दोष त्याचा नव्हे.

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर काम रेटलं नाही, त्याची गुणगुण हेडमध्ये उतरते. काकांना फोन करून याच अल्बमची जुनी सीडी आहे का विचारलं. मुलाने त्या सीडीवरून घेतलेली फाइल त्यांनी पाठवली. नवी रीमास्टर आवृत्ती इथे उपयोगाची नव्हती, तिचा तोल मुळातच वेगळा असतो. संध्याकाळी लाइट आल्यावर त्याच मोठ्या आवाजाच्या वीस सेकंदांचे, कुठल्या सुराला किती जोर हे दाखवणारे, कॅसेटचा आणि सीडीचा असे दोन आलेख एकावर एक ठेवले.

तिथे उलगडा झाला. ५०० हर्ट्झच्या खाली दोन्ही रेषा जवळजवळ एक. मग फरक वाढत जातो, आणि चारेक किलोहर्ट्झनंतर तो वाढायचा थांबतो: साडेचार-पाच डेसिबल, शेवटपर्यंत सपाट. घाण आणि तिरकेपणा यांचं नुकसान सूर जितका वर जाईल तितकं वाढत जातं, ते सपाट कधीच होत नाही. सपाट पायरी दिसली की दोष इक्वलायझेशनचा, म्हणजे फीत भरताना आणि वाजवताना वरच्या-खालच्या सुरांचा जो ठरलेला तोल लावतात त्याचा. साध्या फेरिक (लोहाच्या थराच्या) फितीला १२० मायक्रोसेकंदांचं इक्वलायझेशन, क्रोमला ७०. बाजारातल्या छापील कॅसेटी आत क्रोम फीत असली तरी बऱ्याचदा १२०वरच भरलेल्या असतात. १२०ची फीत ७०वर वाजवली तर वरचे सूर १२० भागिले ७० या प्रमाणात पडतात, आणि ते बरोबर ४.७ डेसिबल भरतात.

कॅसेट काढून उलटी धरली. मी वापरलेलं शेल एका क्रोम कॅसेटचं होतं. त्याच्या पाठीला, रेकॉर्डिंग अडवणाऱ्या कानांच्या शेजारी, दोन जादा खाचा असतात. डेक त्या खाचा चाचपून स्वतःच ७०वर जातो. शेल निवडताना स्क्रू, पॅड, रोलर सगळं तपासलं होतं, खाचा तपासल्या नव्हत्या. फीत नव्या शेलमध्ये हलवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: आतली फीत कशी भरली आहे ते डेकला कळत नाही, त्याला फक्त शेलची पाठ कळते. नुसती चिकटपट्टी लावून भागत नाही, डेकची पिन ती आत दाबते. पातळ प्लास्टिकचे दोन तुकडे कापून खाचा भरल्या.

पुन्हा लावली. डॉल्बी चालू. टक्.

इतका वेळ घरघर वाटत होती ती वेगवेगळ्या फटक्यांची ओळ होती, प्रत्येकाची कड स्वतंत्र. बास हा गिटारच्या मागोमाग त्याच ओळीतून धावतो, आणि दोघे एका ठिकाणी वेगळे होऊन दोन मात्रांनी परत भेटतात, हे घोंगडीखाली कळलंच नसतं. रॉयसचा कोरडा, खरखरीत आवाज मिक्समध्ये किती मागे ठेवलाय आणि का, तेही आता लक्षात आलं: तो गिटारच्या फटक्यांच्या पट्टीत येतो, पुढे आणला असता तर त्यांची धार झाकली गेली असती. वेगातला सूक्ष्म थरकाप तपासायला मात्र वेगवान भाग कामाचा नाही. तो ताणलेल्या सुरात दिसतो. 'लास्ट एंटरटेनमेंट' या शेवटच्या, तुलनेने मोकळ्या गाण्यात लांब सूर आहेत, तिथे कान लावून बसलो. सूर हलला नाही. कोरोनर पुढच्या दोन अल्बमांत ज्या संथ, गडद वाटेने गेले तिची सुरुवात मला याच गाण्यात ऐकू येते.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज शून्याच्या ६ डेसिबल खाली ठेवून दोन्ही बाजू घेतल्या. दुसरी बाजू लावताना अझिमथ पुन्हा पाहिला, किंचित फिरवावा लागला. सळसळ काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर लावलं नाही. ते पहिल्यांदा फटक्यांच्या कडा खातं.

चुणी 'टनेल ऑफ पेन'मध्ये कळतसुद्धा नाही. 'रीड माय स्कार्स'मध्ये मात्र डाव्या बाजूचे दोन फटके अर्धे जातात. सीडीच्या फाइलमधून तेवढा तुकडा घेऊन बसवू का, असं काकांना विचारलं.

"नको हो. ही कॅसेट आहे ना? मग तेवढं राहू दे."

कॅसेट पाच ग्रॅम सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात घालून दिली. उभी ठेवा, पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा अथपासून इतिपर्यंत वाजवा, पुडी गुलाबी झाली की बदला, असं वर लिहून चिकटवलं. जुन्या शेलच्या दोन फाकाही त्यांनी मागून घेतल्या, छापलेली अक्षरं त्यावरच होती.