आधी कामाचं विचारायचं

शुक्रवार, 5 सप्टेंबर. सांगली

इंग्लंडात हेरफर्डशरमध्ये आता हॉप्सची तोडणी सुरू झाली असेल. मी तिथे डॉक्टर असताना आमच्या दवाखान्यात औषधं द्यायला बसायची ती बाई अजून दर सप्टेंबरात फोटो पाठवते. आजही आला. उंच तारांवर चढलेले वेल, खाली ट्रॅक्टर, ट्रॉलीत हिरवा ढीग. बिअरला कडवटपणा आणणारी ही वेल इंग्लंडात मुख्यतः दोन भागांत होते, एक केंटकडे आणि दुसरी वेल्सच्या सरहद्दीजवळ, आमच्याकडे. निवृत्त होऊन सांगलीत राहायला आले, तरी हात "आमच्याकडे" असंच लिहितो.

गाव लहान. चर्च, पब, शाळा, पोस्ट आणि किराणा एकाच दुकानात, आणि आमचा दवाखाना. केमिस्टपासून एक मैलापेक्षा लांब राहणाऱ्या पेशंटला डॉक्टरनेच औषध द्यायची सोय तिकडे खेड्यापाड्यांत आहे. त्यामुळे आमच्या मागच्या खोलीत औषधांची कपाटं होती आणि लांबच्या वाड्यांवरच्या लोकांच्या पिशव्या आम्ही पोस्टात ठेवायचो. पेन्शन घ्यायला येणारी म्हातारी शेजारणीचीही पिशवी घेऊन जायची.

शेतकरी मात्र दवाखान्यात फिरकायचा नाही. गाय अडली तर मध्यरात्री व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन जायचा, स्वतःच्या छातीत दुखत असलं तर "गवत आत आलं की येतो, डॉक्टर." गवत आत आलं की मेंढ्यांची कातरणी, मग सफरचंदं, मग मेंढ्या व्यायला लागायच्या. मिरजेला शिकताना आम्हाला 'काय होतंय' यापासून सुरुवात करायला शिकवलं होतं. तिथे मी 'सध्या काय काम चाललंय' इथून सुरुवात करायला लागले. दुखणं विचारलं की माणूस गप्प बसायचा, काम विचारलं की बोलायचा, आणि त्या बोलण्यात दुखणं सापडायचं.

एका हिवाळ्यात एकाला रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, खोकला यायचा, दम लागायचा. दोन दिवस अंथरुणात पडला की बरा, कामाला लागला की पुन्हा तेच. घरचे फ्लू म्हणत होते. मी त्याच्या गोठ्यावर गेले. त्याने गवताच्या गाठोड्याची दोरी सुरीने कापली, दाताळ्याने गवत झटकलं, आणि पांढुरकी भुकटी हवेत उठली. दारातून येणाऱ्या उन्हात ती कितीतरी वेळ तरंगत होती. जूनमधल्या पावसात ओलं राहिलेलं गवत तसंच रचलेलं, आतून तापलेलं, बुरसटलेलं. ती भुकटी सकाळी छातीत गेली की चार ते आठ तासांनी ताप चढतो. म्हणून संध्याकाळ. याला तिकडे 'फार्मर्स लंग' म्हणतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर फुप्फुसं कायमची आकसतात. औषधापेक्षा काम बदलणं महत्त्वाचं, पण साठीच्या माणसाला गोठ्यात जाऊ नको कसं सांगणार? चारा घालायचं काम मुलाने घेतलं, मास्क आणला, आणि पुढच्या वर्षापासून त्यांनी काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून मुरघास करायला सुरुवात केली. त्या काळ्या गाठोड्यांनी शेतं विद्रूप दिसतात अशी सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांची तक्रार असायची. मला ती गाठोडी बघून बरं वाटायचं.

मेंढ्या व्यायल्या की बायका बोटं दाखवायला यायच्या. आई नसलेल्या कोकराला बाटलीने पाजताना त्याच्या तोंडावरच्या फोडांचा विषाणू हाताला लागतो. लालसर, मध्ये पांढरी पडलेली गाठ. दिसायला भयंकर, पण पाच-सहा आठवड्यांत आपोआप जाते. तिला चिरायचं नाही, एवढंच डॉक्टरने लक्षात ठेवायचं. अशीच एकजण बोट दाखवत होती आणि तिच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या खालच्या कोमट कप्प्यात, दार उघडं ठेवून, गारठलेलं कोकरू निजवलेलं होतं. बोलता बोलता ती दर मिनिटाला वाकून त्याला चाचपत होती.

2001 साल मात्र आठवलं की अजून पोटात तुटतं. 20 फेब्रुवारीला एसेक्समधल्या कत्तलखान्यातल्या डुकरांत लाळ्या खुरकूत असल्याचं नक्की झालं आणि बघता बघता रोग आमच्या जिल्ह्यातही आला. आपल्याकडे या रोगाला लस टोचतात, जनावर आजारी पडलं तरी बहुतेक वेळा उठतं. तिथे निर्यातीसाठी देश रोगमुक्त ठेवायचा म्हणून लस नाही. रोग दिसला त्या शेतावरची जनावरं 24 तासांत आणि लगतच्या शेतांवरची, धडधाकट असली तरी, 48 तासांत मारायची असं ठरलं. देशभरात साठ लाखांहून जास्त जनावरं मारली. सार्वत्रिक निवडणूकसुद्धा पुढे ढकलून जूनमध्ये घेतली.

शेतांच्या फाटकांत जंतुनाशकात भिजवलेला पेंढा पसरलेला असायचा. लोक फाटकाबाहेर पडत नव्हते, मीही आत जात नव्हते. म्हणून संध्याकाळी फोन करायचे. एका दूधवाल्या शेतकऱ्याची सगळी गुरं शेजारच्या शेतामुळे गेली. त्याच्या गायींना काहीही झालेलं नव्हतं. त्यानंतरही तो पहाटे पाचला उठून दूध काढायची जागा पाण्याने धुवायचा. बायको म्हणाली, "अडवू का?" मी म्हटलं, नको, धुऊ दे. झोपेची गोळी त्याने घेतली नाही. फोनवर हवेबद्दल बोलायचा, मीही हवेबद्दलच बोलायचे, आणि मग मध्येच एखाद्या गायीचं नाव घ्यायचा. सरकारकडून भरपाई मिळाली. पण तीन पिढ्या निवडून निवडून वाढवलेलं ते रक्त बाजारात विकत मिळणारं नव्हतं. ज्या तरुण व्हेटांना हे काम करावं लागलं, त्यांच्यातलाही एकजण माझ्यासमोर येऊन बसला होता. जंतुनाशकाने हात फुटलेले, आणि झोप उडालेली. जनावरं वाचवायला शिकलेला मुलगा. त्याला काय बोलावं ते मला आजही सुचलेलं नाही.

हॉप्सचं राहिलंच. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात तशी पूर्वी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या बाजूच्या कारखानी वस्त्यांतून आणि साउथ वेल्सच्या खाणींच्या गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं यायची. लाकडी चौकटीला अडकवलेल्या गोणपाटात बायका हॉप्स तोडून टाकायच्या, मोजणारा टोपलीने मोजायचा आणि टोपलीवर पैसे मिळायचे. मुलांची शाळा बुडायची. पुढे यंत्रं आली आणि हे सगळं थांबलं. अशीच लहानपणी आईबरोबर आलेली एक मुलगी गावातल्याच मुलाशी लग्न करून राहिली होती. माझी पेशंट, ऐंशीच्या पुढची. चिकाने काळी झालेली बोटं आणि जेवणालाही लागणारा तो कडवटपणा तिला अजून आठवायचा. कित्येक दुकानांच्या दारावर तेव्हा 'हॉपवाल्यांना मज्जाव' असायचं, हेही तिनेच सांगितलं.

2004 नंतर पोलंडहून, मग रुमानिया-बल्गेरियाहून मजूर यायला लागले, स्ट्रॉबेरी आणि सफरचंदांसाठी. गावात कुरकुर झालीच. ही म्हातारी मात्र दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसायची आणि भाषा येत नसताना हात पुढे करून त्यांची बोटं बघायची. त्या पोरांचं दुखणं एकच, पाठ. दिवसभर जमिनीलगत वाकून तोडणी. गोळ्या देऊन काय होणार? पुढे मालकांनी कमरेइतक्या उंचीच्या मांडण्यांवर स्ट्रॉबेरी लावायला सुरुवात केली, तोडणी भरभर व्हावी म्हणून. दोन-तीन हंगामांत पाठीचे पेशंट खरोखर कमी झाले.