आमची वाटचाल: चार कोपऱ्यांचे चार खड्डे

वडील गवंडी होते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्त्या आणि सिडकोतल्या घरांवर चढवलेले मजले, यातच त्यांचं आयुष्य गेलं. मी डिप्लोमा करून एका मोठ्या कंत्राटदाराकडे 4 वर्षं सुपरवायझर होतो. मग आम्हा बापलेकांनी स्वतःचं काम सुरू केलं. मिक्सर आणि सेंट्रिंगचं सामान भाड्याचं, ओळंबा आणि गुण्या तेवढे घरचे.

पहिला बंगला मिळाला मखमलाबादच्या बाजूला. पावसाळा तोंडावर आलेला आणि मालकांना घाई. जमीन तपासायला मी एकच खड्डा घेतला. 4 फुटांवर मुरूम लागला, तीच खोली सगळ्या फुटिंगना, म्हणजे कॉलमखालच्या पायांना धरली. खोदताना मागच्या दोन फुटिंगमध्ये काळी माती निघाली. तेव्हाच काम थांबवून आरसीसी इंजिनिअरना बोलवायला हवं होतं. मी खडीचा थर ठोकून घेतला आणि पुढे गेलो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग गेली.

ते काम आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त केलं. भिंतीला टेकू दिले, फुटिंगखाली टप्प्याटप्प्याने मुरमापर्यंत खोदलं, काँक्रीट भरलं. नफा तर गेलाच, आईच्या पाटल्याही गहाण पडल्या. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. आठ दिवस त्या खड्ड्याशी बसून राहिले, एवढंच. त्या मालकांनी पुढे आम्हाला तीन कामं मिळवून दिली, याचं मला आजही नवल वाटतं.

तेव्हापासून प्लॉट कितीही लहान असो, चारही कोपऱ्यांत खड्डे घेतल्याशिवाय मी दर सांगत नाही. गोदाकाठचा प्लॉट असेल तर त्याआधी पूररेषेचा नकाशा मागतो. आपण नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचं माप घेतो, पण घर बांधताना नकाशातली मोठ्या पुराची निळी रेषा आणि त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची लाल रेषा कुठून जाते हेच पाहावं लागतं. निळ्या रेषेच्या आतलं काम आम्ही घेत नाही.

ठेकेदाराचं बहुतेक काम प्लास्टरच्या आत जातं. सळईवर काँक्रीटचं किती आवरण आहे हे राहायला आलेल्या माणसाला कधीच दिसणार नसतं. साध्या हवामानात स्लॅबला 20 मिलिमीटर, बीमला 25, कॉलमला 40, फुटिंगला 50. म्हणून सळईखाली तेवढं अंतर राखणारे कव्हर ब्लॉक मी स्वतः मोजतो. खडीचा तुकडा सरकवून भागवलेलं मला चालत नाही, कारण तिथूनच ओल शिरते आणि लोखंड गंजतं.

स्लॅबच्या दिवशी माझं सगळं लक्ष मिक्सरवरच्या पाण्याच्या बादलीकडे. माल पातळ झाला की ओतायला हलका जातो, म्हणून थकलेला माणूस एक बादली जास्त टाकतो. ते जादा पाणी उडून गेलं की आत पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. त्याच मालाचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरून 7 आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये तपासून घेतो, अहवालाची प्रत मालकांना देतो. हल्ली राखमिश्रित सिमेंटच जास्त येतं, त्याला किमान 10 दिवस पाणी लागतं. आम्ही स्लॅबवर आळी बांधून 14 दिवस पाणी भरून ठेवतो. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त असलेल्या स्लॅबचे टेकूही 14 दिवसांच्या आत काढत नाही, मग गृहप्रवेशाचा मुहूर्त का जवळ येईना. यावरून एकदा काम हातचं गेलं. त्याचं दुःख नाही.

माणसांची जबाबदारी मला याहून मोठी वाटते. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं आहेत. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देताना काही ठेकेदार टाळाटाळ करतात. एका बिगारी ताईंनी दोन ठिकाणी हेलपाटे घातल्यावर आमच्याकडे विचारलं होतं. त्या दिवसापासून हजेरीवही मी रोज संध्याकाळी स्वतः लिहितो. आता 90 दिवस भरले की दाखला मागावा लागत नाही.

बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर आहे. मालकाने स्वतःसाठी बांधून घेतलेल्या बंगल्याला तो कायदा लागत नाही, तरी आमच्या करारात आम्ही तीच 5 वर्षं लिहून देतो.

सध्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक काम ठरतंय. परवा खड्डे घेतले. तीन कोपऱ्यांत 5 फुटांवर मुरूम, चौथ्यात 7 फूट गेलो तरी काळीच. वडील आता 76 वर्षांचे आहेत. काठी टेकत आले, मातीचं ढेकूळ हातात चुरडून पाहिलं आणि म्हणाले, "इंजिनिअर येईस्तोवर खड्डा बुजवू नको."