धावपट्टीखालचा पऱ्या

कोकण किनाऱ्यालगतच्या एका सड्यावरील, म्हणजे कातळाच्या सपाट माळावरील, जुन्या, लहान विमानांच्या धावपट्टीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा अंदाजपत्रकात उपाय आधीच ठरलेला होता. वरचा 40 मिलिमीटरचा थर खरवडून काढायचा आणि डांबरी काँक्रीटचा नवा थर अंथरायचा. बहुतेक लांबीवर ते योग्यच होते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि हवेने डांबर करडे व ठिसूळ झाले होते, सुटी खडी हाताने वेचता येत होती, आणि लहान विमानाचा पंखा जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर फिरत असल्याने अशी खडी त्याच्या पात्यांना फार घातक ठरते. परंतु मध्यापलीकडे सुमारे 60 मीटर लांबीत मगरीच्या पाठीसारख्या भेगांचे जाळे होते. असे जाळे केवळ उन्हाने पडत नाही. खालचा आधार खचू लागला की ते दिसते.

नोव्हेंबरमध्ये, नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून धावपट्टी बंद ठेवलेली असताना, आम्ही तेथे कोअर, म्हणजे थरांचा दंडगोल नमुना, कापला. तो अखंड निघालाच नाही. खालच्या थरातील खडीवरचे डांबर पार सुटले होते. भोकात पाणी होते. यंत्राचे पाते थंड ठेवण्यासाठी पाणी सोडावेच लागते, म्हणून त्याचे नवल वाटले नाही. स्पंजाने भोक कोरडे करून आम्ही पुढच्या खुणेकडे गेलो. अर्ध्या तासाने परत येऊन पाहतो, तर भोकात पुन्हा बोटभर पाणी होते, आणि पाऊस थांबून तर महिना उलटला होता.

कडेचे गवत काढणारे एक वयस्कर काका आमच्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हितं पऱ्या होता. पट्टी बांधली तवा बुजवला."

पऱ्या म्हणजे लहान ओढा. आमच्याकडच्या एकाही नकाशावर तो नव्हता. जांभ्यातून पाझरणारे पाणी जुन्याच वाटेने येत होते आणि भरावात अडत होते. त्यातच कडेची माती वर्षानुवर्षे साचून डांबराच्या पातळीपेक्षा उंच झाल्याने आडवा उतार असूनही पावसाचे पाणी बाहेर पडत नव्हते. त्यावर नवा थर टाकणे म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांत त्याच भेगा पुन्हा वर येऊ देणे. मी लेखी हरकत घेतली. निधी खर्चण्याची मुदत जवळ आली होती, त्यामुळे ती हरकत कोणालाच आवडली नाही. मात्र कोअरचा तो चुरा टेबलावर ठेवल्यावर चर्चा लवकर संपली.

त्या लांबीतील भराव उकरून तेथे पाणी झिरपू देणारा खडीचा थर दिला, त्याखाली कापडात गुंडाळलेली सच्छिद्र नळी सड्याच्या उतारापर्यंत नेली, कडेची माती खाली घेतली, आणि त्यानंतरच डांबरीकरण केले.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर मी मुद्दाम तेथे गेलो. नळीच्या तोंडातून पाणी वाहत होते. मी ते काचेच्या बाटलीत धरले आणि काकांसोबत बराच वेळ पाहत राहिलो; तळाशी माती बसली नाही.